कल्लेवाली

बुदी तळ्यावरून वारा आला की
आधी माझ्या कोंबड्यांचे कल्ले हलतात,
मग गहू.
कानाजवळून फुटलेले पिसांचे दोन झुपके,
जुन्या फोटोतल्या स्टेशनमास्तरासारखे;
आणि मागे शेपूटच नाही,
नुसतं गोल, जणू देव घाईत होता.

केत्रो म्हणायची आई त्यांना.
तिच्याकडे त्या आल्या मावशीकडून,
होडीतून, टोपलीत, फडक्याखाली.
माझ्याकडे आल्या आई गेल्यावर,
सोबत तांब्याचं एक पातेलं आणि एक नियम:
कल्लेवालीला कल्लेवालाच कोंबडा.
साध्या तोंडाचे रश्श्यात.

चाळीस वर्षं पाळला.
सप्टेंबरात कोंबडी खुडूक झाली की
तिच्याखाली बारा निळी अंडी,
आणि एकविसाव्या दिवशी आतून टकटक.
नऊ निघायची. कधी आठ.
उरलेली मी फोडून बघायची चुलीमागे:
आत कुणीतरी जवळजवळ पुरं झालेलं,
नखांसकट, ओल्या पिसांसकट,
कवचाला चोच न लावताच गेलेलं.

मी विजेला दोष दिला,
सतराव्या रात्री गडगडलं होतं.
मग शेजारच्या ओफेलिनाच्या नजरेला,
ती खुराड्यात डोकावली होती, खरंच डोकावली होती.
पण सगळ्यात जास्त कोंबडीला.
तांबडी होती एक. अंड्यांवरून हलायची नाही,
दाण्याला धावत जायची, धावत परत यायची,
पोटाची पिसं झडून कातडी लाल व्हायची तिची.
तीन वर्षं ओळीनं तिच्याखाली तीन-तीन मेली
तेव्हा मी म्हटलं, हिच्यात ऊबच नाही,
आणि रविवारी बटाट्यांत शिजवली.

ऊबच नाही.
हे शब्द माझे नव्हते.
सासूनं ते दारात उभं राहून म्हटले होते,
मार्ताच्या आधी,
मी पाळणा माळ्यावर परत ठेवत होते तेव्हा.

यंदा यानारा शेतकी शाळेतून सुट्टीला आली.
टेबलावर घेवड्याच्या बिया सांडल्या तिनं.
“आजी, काळी बी म्हणजे कल्ले.
कोंबडीकडे एक काळी, एक पांढरी. कोंबड्याकडेही तशाच.
आता दोघांकडून एकेक उचल. न बघता.”
काळी, पांढरी: कल्लेवाली.
पांढरी, पांढरी: “ही तू खातेस.”
पांढरी, काळी: कल्लेवाली.
काळी, काळी.
तिनं त्या दोघींवर हात ठेवला.
“दुप्पट कल्ले येत नाहीत, आजी.
हे पिल्लू बाहेरच येत नाही.”

“आणि ऊब?” मी विचारलं.
“उबेचा काय संबंध?”
चुलीतलं लाकूड सरकलं.
मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं,
जणू सासू अजून दारात होती:
“म्हणजे ऊब कमी पडली म्हणून नाही?”
“नाही गं,” ती म्हणाली, आणि बिया गोळा करू लागली.

म्हणून यंदा एक साधा कोंबडा वाचला.
तोंड धुतलेल्या बशीसारखं,
कल्ले नाहीत, रुबाब नाही, आवाज फाटका.
कल्लेवाल्या सुरुवातीला त्याच्याकडे बघेनात.
आई बघत असेल तर
तिनं तिकडे बघू नये एवढंच म्हणते.

बारा अंडी काळीखाली ठेवली.
तांबडीचं खोकं कुणाला दिलं नव्हतं,
ते यंदा झाडलं, नवीन गवत घातलं.
दिव्यासमोर धरलं तर एक अंडं नुसतं पाणी.
बाकीची अकरा
गुरुवारी रात्री बोलायला लागली
आणि शनिवार सकाळपर्यंत गप्प बसली नाहीत.

पाच साधी. पाच कल्लेवाली.
अकराव्याला फक्त डावीकडे झुपका,
उजवीकडे काहीच नाही.
बियांत हे कसं बसतं, मी यानाराला विचारलं.
ती म्हणाली, असंही होतं कधीकधी.
वारा आला की ते पिल्लू
एकाच बाजूनं हलतं.